मोतीबाईनं कबूल केलेलं दर्शन

मोतीबाई राठोड खोटं बोलायची असं म्हणाल तर अख्खा बंजारा तांडा तुमच्याशी भांडायला उठेल. ती खोटं बोलत नव्हती, बोलण्याला फोडणी देत होती. ढाणकीच्या बाजारात एका गिऱ्हाइकाला तिची मेथी डोळ्यांना चांगली असायची, त्याच ढिगातली जुडी पुढच्या म्हातारीला गुडघ्यांना लागू पडायची. दोन्ही गिऱ्हाइकं पुढच्या बाजारी परत यायची, म्हणजे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तिची सगळ्यात जुनी फोडणी बादलच्या नावानं होती. बादल तिचा धाकटा मुलगा. राजूरकडे कोळशाच्या ट्रकवर कामाला जातो म्हणून गेला, तो गेलाच. पहिल्या दिवाळीला फोन आला, नंतर नंबरच लागेना. थोरली सून ममता आणि तांड्यातल्या बाया विचारायच्या, "बादलचा फोन आलता का वं?" मोतीबाई डोक्यावरची टोपली सावरत म्हणायची, "कालच आलता. बरा हाय म्हने. साहेब सुट्टी देऊन नाही राह्यला." तो साहेब कसा दिसतो, त्याला किती लेकरं आहेत, हेसुद्धा तिनं हळूहळू ठरवून टाकलं होतं.

खरं ती एकाच ठिकाणी बोलायची, तेही भिंतीशी.

तांड्याच्या अलीकडे, ढाणकीच्या रस्त्याला, बंद पडलेल्या जिनिंगचं एक गोदाम होतं. कापूस गेला आणि काही वर्षांनी तिथं कॅथलिक सिस्टरा राहायला आल्या. शाळा काढणाऱ्या, दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरा लोकांना ठाऊक असतात. ह्या निराळ्या. एकदा आत गेल्या की बाहेर यायचं नाही, बाहेरच्यानं आत जायचं नाही, दिवसभर प्रार्थना आणि मौन. दूरदूरच्या चर्चना लागणारी पापडासारखी पातळ भाकर त्या भाजायच्या आणि त्यावर गुजराण करायच्या. त्यांचं वाण-सामान, भाजीपाला आणून द्यायला बाहेरचं माणूस हवं होतं. मोतीबाईची टोपली रोज दारावरून जायची, तेव्हा हे काम तिच्याकडे आलं.

देणं-घेणं कसं? तर पुढच्या भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट बसवलेलं. उभं पिंप म्हणा ना. उघडी बाजू आपल्याकडे असली की त्यात वांगी ठेवायची, कडेला टकटक करायची, कपाट गर्रकन फिरून वांगी आत. परत फिरलं की रिकामी टोपली बाहेर. ना हात दिसतो, ना तोंड. ऐकू येतो तो फक्त आवाज. कपाटापाशी बसणाऱ्या सिस्टरचं नाव बेनेडिक्टा, नगर जिल्ह्याकडची. मोतीबाईच्या जिभेला ते नाव काही पेललं नाही, म्हणून ती बेनीसिस्टर झाली.

सुरुवातीला मोतीबाई कपाटाला घाबरायची. मग तिच्या लक्षात आलं की ह्या आवाजाला आपलं तोंड दिसत नाही. तोंड दिसत नाही म्हटल्यावर ते सांभाळायचंही कारण नाही. एका सकाळी भेंडी ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं, की बादलचा फोन येत नाही. कधीच येत नाही. कपाट फिरलं, भेंडी आत गेली. मग बेनीसिस्टर म्हणाली, "मोतीबाई, उद्यापण येऊन सांगा." बस, एवढंच. तेव्हापासून भाजीचं काम थोडं आणि हे काम मोठं झालं. तांड्यात साहेबाची सुट्टी, कपाटापाशी खरं. दोन दुकानं वेगवेगळी चालली होती, आणि मोतीबाईला त्यामुळे रात्री झोप लागत होती.

मग भिंती फाटल्या. गोदाम काळ्या मातीत बांधलेलं. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, वरच्या भिंतीला दर वर्षी मुरगाळून ठेवते. इंजिनियर येऊन बघून गेला आणि म्हणाला, अजून एक पावसाळा ह्या छताखाली काढू नका. मागच्या मुरमाड टेकाडावर सिस्टरांची जागा होती, तिथं नवं घर बांधायचं ठरलं. नाही जमलं तर पावसाळ्याआधी सगळ्यांना दुसऱ्या राज्यातल्या मठात पाठवायचं, असं त्यांच्या वरिष्ठांचं पत्र आलं. मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, सांगायला येणाऱ्या फादरनी चार गावच्या ख्रिस्ती कुटुंबांकडे मदत मागितली होती. पण कुटुंबंच मोजकी, आणि ज्यांच्यासाठी मागायचं त्या स्वतः दारोदार जाऊ शकत नाहीत.

हे सगळं बेनीसिस्टरनं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या ओळखी आहेत मोतीबाई. विटा-वाळू कोणी देत असेल तर शब्द टाकून बघा."

मोतीबाईनं एवढंच ऐकलं, की आवाज जाणार. पुढचं तिचं तिनं ठरवलं.

होळी तोंडावर होती. होळीला तांड्यातल्या बाया आरशांचे घागरे घालून बाजारात जातात, दुकानापुढे फेर धरून गाणी म्हणतात आणि दुकानदाराकडून गेर मागतात. गेर म्हणजे सणाचं हक्काचं मागणं. शेठ दुकानात नसल्याचं सोंग करतो, बाया त्याला गाण्यातूनच चिमटे काढतात, मग तो गल्ल्याला हात घालतो. त्या गेरीतून तांड्याचं जेवण होतं. मोतीबाईनं तांड्याच्या प्रमुखाला, नायक लखीरामला, गाठलं आणि म्हणाली, औंदाची अर्धी गेर सिस्टरांच्या घराला. लखीराम हसला. त्या आपल्या कोण, असं त्यानं विचारलं. मोतीबाई म्हणाली, शेजारी. शेजाऱ्याचं घर पडायला आलं तर तांडा बघत बसतो का? हा प्रश्न तिनं चार माणसांत विचारला, म्हणून नायकाला हो म्हणावं लागलं.

ढाणकीत पहिलीच अडचण आली बाबारावच्या किराणा दुकानाशी. बाबाराव तसा दिलदार, पण दिलेलं लोकांना दिसलं पाहिजे अशी त्याची साधी अट असायची. त्यानं विचारलं, "कोनं पाह्यल्या ह्या सिस्टरा?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीच पाहिल्या नव्हत्या.

"मंग ज्याईले कोनी पाह्यलंच नाही, त्याईच्या घराले मी काहून देऊ? उद्या तू म्हनशीन, चंद्रावर बंगला बांधून राह्यली."

बाया हसल्या. फेर मोडायला आला. शेजारचे दोन दुकानदारही मान हलवू लागले. मोतीबाईला वाटलं असणार, मेथीची जुडी हातात आहे आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून चाललंय. तिनं फोडणी टाकली.

"दिसतीन ना. पाया खंदाच्या दिवशी दर्शन हाय. एकडावच. मंग दार बंद ते बंदच."

हे 'एकडावच' फार कामाला आलं. बाबारावचा हात गल्ल्याकडे गेला. पुढच्या दुकानात तेच सांगितलं, तिथं थोडं वाढवून. तिसऱ्या दुकानापर्यंत सिस्टरा कित्येक वर्षं ऊन न पाहिलेल्या झाल्या होत्या. संध्याकाळी ती बातमी मोतीबाईच्या आधीच उमरखेडच्या बसस्टँडवर पोचली होती, आणि तिथं कुणीतरी त्यात आणखी मीठ टाकलं, की ज्याच्यावर त्यांची नजर पडते त्याचं दुखणं जातं. हे मात्र मोतीबाईनं म्हटलं नव्हतं. पण आपण पेटवलेल्या शेकोटीवर दुसऱ्यानं लाकूड टाकलं तर ती विझवायला ती काही गेली नाही.

नेहमीच्या गेरीच्या वर मिळालंही भरपूर. कुणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कुणी ट्रॅक्टरभर वाळू, कुणी रोख. बशीरभाईंच्या वीटभट्टीवर मोतीबाई गेली तेव्हा बशीरभाई बाहेरगावी गेलेले, त्यांची बायको बिस्मिल्लाबी माणसांना चहा देत होती. मोतीबाईचं दर्शनाचं अजून सुरूही झालं नव्हतं, तेवढ्यात बिस्मिल्लाबी म्हणाली, विटा घेऊन जा, पावसाच्या आत छत झालं पाहिजे. मोतीबाईला जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं. तयार केलेलं भाषण तोंडातच राहिलं.

इकडे सिस्टरांचा उपासाचा काळ चालू होता. होळी त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपासात येते. त्या दिवसांत बेनीसिस्टर कपाटाशीही जेवढ्यास तेवढंच बोलायची. वाळू आली, विटा आल्या, की आतून म्हणायची, "देव त्यांचं भलं करो. मोतीबाई, कसं काय जमवलंत हो?" मोतीबाई म्हणायची, "लोक चांगले हायेत." सांगायचं तर होतं. उपास सुटला की सांगू, असं तिनं ठरवलं. उपास सुटला, ईस्टर झाला, मग वाटलं पाया खणायच्या आदल्या दिवशी सांगू. आदल्या दिवशी बाजार होता.

पाया खणायच्या सकाळी ती रस्त्याला आली आणि तिचे पाय जागीच थांबले. गोदामाच्या फाटकावर बाबारावनं फ्लेक्स लावला होता. 'भव्य दर्शन सोहळा.' मोबाइलवरून काढलेला कुठल्यातरी गोऱ्यागोमट्या परदेशी सिस्टरांचा फोटो, आणि त्यांच्याहून मोठा स्वतः बाबारावचा. फ्लेक्सखाली ढाणकीतल्या बाया, तांड्यातल्या बाया, उमरखेडहून ऑटो करून आलेली माणसं. हातात नारळ, हार. मोटरसायकलवरून आलेली दोन तरणी पोरं प्रत्येकाला विचारत होती, इथं नक्की काय चालतं, कोण कोणाला धर्म बदलायला लावतं. फाटकाला टेकून एक बाई बसली होती, मांडीवर मोठं लेकरू. लेकराला फिट यायच्या. अंधारातच निघून आलो, असं ती कुणालातरी सांगत होती.

मोतीबाई फ्लेक्सच्या मागून कपाटाशी गेली. टकटक केली.

"बेनीसिस्टर, एक काम करा. खिडकीपाशी उभ्या राहा जरासक. पुरं तोंड नका दाखवू. अर्धं दाखवा."

आतून उलटा प्रश्न आला.

"मोतीबाई, बाहेर एवढी माणसं कशाला आलीत?"

मग मोतीबाईनं सांगितलं. होळीपासूनचं सगळं, दुकानाप्रमाणे. उमरखेडचं मीठसुद्धा स्वतःच्याच नावावर घेतलं, कारण आता वेगळं करत बसायला वेळ नव्हता.

बेनीसिस्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्यात बघण्यासारखं काही नाही हो. म्हणून तर आत येऊन बसलो." आणि तिचा आवाज कपाटापासून दूर गेला.

थोड्या वेळानं मोतीबाईला भेटीच्या खोलीत बोलावणं आलं. त्या खोलीला मधोमध लोखंडी जाळी, जाळीमागे पडदा. पडद्यामागे मदर, सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख. त्या केरळच्या, मराठी पुस्तकावरून शिकलेल्या, त्यामुळे रागातही त्यांचं व्याकरण सुटत नव्हतं. मोतीबाई त्यांना याडी म्हणायची, म्हणजे आई.

"आपण लोकांना वचन दिले, जे देण्याचा आपल्याला अधिकार नव्हता," मदर म्हणाल्या.

"घरासाठी देल्लं, याडी. माह्या घरासाठी नाही."

"हे मला ठाऊक आहे."

"तुमी गेल्या तर..." इथं मोतीबाईला पुढचं सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे टाकायला फोडणी नव्हती.

मदर म्हणाल्या, "जे आम्हाला पाहण्यासाठी म्हणून दिले गेले, ते ह्या घराच्या भिंतीत बसणार नाही. ते परत करावे लागेल. आपणच परत करावे."

फादरनी फाटकाशी जाऊन हात जोडले, की दर्शन वगैरे काही नाही, गैरसमज झाला, माफ करा. थोडा गलका झाला. बाबाराव म्हणाला, माझ्या नावानं फ्लेक्स लागलाय, मी आता बाजारात कोणत्या तोंडानं बसू? मोटरसायकलवाल्या पोरांनी मोबाइलमध्ये सगळं टिपून घेतलं. लोक शिव्या देत, हसत पांगले. नारळ काही जणांनी तिथंच फोडून खाल्ले, कारण नारळाचा काय दोष. ती लेकराची बाई मात्र उठली नाही. मोतीबाई जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मंग आता कव्हा हाय?"

 मोतीबाईनं त्या लेकराला उचलून ऑटोपर्यंत नेलं. वाटभर ते तिच्या खांद्यावर झोपलेलं होतं आणि त्याची आई मागून चपला हातात घेऊन येत होती.

गोळा करायला जाताना बाया सोबत होत्या, गाणी होती, आरसे चमकत होते. परत करायला ती एकटीच निघाली. सून ममतानं सरळ सांगितलं, तुमी गायलं तुमीच निस्तरा, मले बाजारात तोंड दाखवाचं हाय. ढाणकीत बाबारावनं पैसे घेतले, दोनदा मोजले आणि फ्लेक्सचा खर्च कोण देणार म्हणून विचारलं. दुसऱ्या एकानं घेतले नाहीत, पण घेतले नाहीत हे इतक्या मोठ्यानं सांगितलं, की घेतले असते तर परवडलं असतं. सिमेंटच्या गोण्या टेम्पोतून परत गेल्या. तिच्या मेथीला त्या आठवड्यात गिऱ्हाईक नव्हतं. एकजण जुडी हातात घेऊन म्हणाला, "ह्याच्यानं काय होते मोतीबाई? दर्शन होते का?"

सगळ्यात कठीण घर लखीराम नायकाचं. तो ओसरीवर बसला होता. तांड्याची अर्धी गेर तिनं पुढे ठेवली. लखीरामनं ती घेतली नाही, ठेवून घे असंही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "मोते, आमी तुले कधी काही म्हनलं का?"

"कशाबद्दल?"

"बादलबद्दल. त्याचा साहेब, त्या साहेबाची लेकरं. सारा तांडा ऐकून घेते. तुले बरं वाटते म्हनून इचारते बाया. पन ते घरातलं होतं वं. हे तू बाजारात नेलं."

मोतीबाई ओसरीच्या खालीच उभी होती. सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे इतकी वर्षं बाया 'बादलचा फोन आलता का' असं विचारत होत्या, ते तिला फसवायला नाही, तिला फसवू द्यायला. तिला त्यांचा राग आला, आणि तो कुठं ठेवावा हेही कळेना. पैसे ओसरीवर तसेच सोडून ती घरी गेली. त्या दिवशी कपाटाकडे गेली नाही.

वीटभट्टी उरली होती. बिस्मिल्लाबीनं तिला बसवलं, चहा दिला. मोतीबाईनं पाठ झालेलं एका दमात म्हणून टाकलं, की विटा परत घेऊन जा, सिस्टरा दिसणार नाहीत.

"मी कधी म्हनलं मले पाहाच्या हायेत?"

"सारेच म्हनत होते."

"मी होती का तठी?" बिस्मिल्लाबी म्हणाली. "अवं, बाईमानूस पडद्यात हाय तर हाय. जे पाहाले जाते त्याईले शरम वाटाले पाह्यजे, तुले कायले? विटा मी छपरासाठी देल्या. छप्पर बांध म्हना, नाहीतर विटा तिकडंच पडू दे, मी कोनाले पाठवून नाही राह्यली आनाले."

ह्या विटा मदरनी ठेवून घेतल्या. ख्रिस्ती कुटुंबांनी दिलेलं होतं, फादरनी आणलेलं होतं. आणि एक दिवस फाटकाच्या आत वाळूचा एक ढीग कुणीतरी परत टाकून गेलं, नाव न सांगता. तो तांड्याच्या गेरीतून आलेला असावा असं मोतीबाईला वाटलं. ह्या वेळी तिनं कुणाला तसं सांगितलं मात्र नाही.

एवढ्या सामानात पूर्ण घर होत नव्हतं. टेकाडावर तीन खोल्या आणि प्रार्थनेची एक खोली, तेवढं पावसाच्या आत होत होतं. वरिष्ठांचं पत्र आलं, तिघींनी राहावं, बाकीच्यांनी जावं. एक वर्ष बघू.

बेनीसिस्टरनं हे सांगितलं तेव्हा मोतीबाईनं लगेच विचारलं, "तुमी राह्यता ना?"

"ते मदर ठरवतील. मला अजून माहीत नाही."

"माहीत झालं की सांगा."

"माहीत झालं तरी सांगता यायचं नाही मोतीबाई. आमच्यात निरोप घेत नाहीत."

"हे काय वागनं झालं?" मोतीबाई चिडली. "मानूस जाते अन् सांगत नाही. माह्या पोरानं केलं तेच तुमी करून राह्यल्या."

  आतून बेनीसिस्टरचा आवाज आला. "तसंच आहे खरं. पण मी रोज तुमच्या बादलचं नाव घेते. जिथे असेन तिथे घेईन. हे मात्र आत्ताच सांगून ठेवते."

मोतीबाईनं त्या दिवशी रिकामी टोपली घेतली आणि न बोलता निघाली. नंतर तिला त्याचं वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली, पण कपाटामागे दुसरंच काम चालू होतं, सामान बांधल्याचे आवाज येत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. ती बाजारात असताना पडदे लावलेली एक गाडी रस्त्यानं गेली म्हणे. फाटकाशी बघायला कुणीही नव्हतं. लोकांचा सिस्टरांतला रस संपला होता, आणि ऊन फार होतं.

संध्याकाळी मोतीबाई टेकाडावर चढली. नव्या घराच्या भिंतींना अजून गिलावा नव्हता, बशीरभाईंच्या विटा उघड्याच होत्या. जुनं कपाट काढून राहिलेल्या तिघींसाठी समोरच्या भिंतीत बसवलं होतं. तिनं टमाटे ठेवले. टकटक केली नाही. कपाटाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. टकटक करेपर्यंत तिथं बेनीसिस्टर असू शकत होती.

खाली रस्त्यावरून ढाणकीची शेवटची बस गेली. मग तिनं टकटक केली.

कपाट फिरलं, पण मध्येच अडखळलं. हाताला सवय नव्हती. एक टमाटा आत पडल्याचा आवाज आला. मग एक कोवळा आवाज, हिंदी, तेही मोडकंतोडकं.

"कौन है?"

मोतीबाई पायरीवर बसली. घागऱ्याच्या घेरानं तोंड पुसलं. आतल्या पोरीनं पुन्हा विचारलं, घाबरून.

"मोतीबाई हाय," ती म्हणाली. "तो खाली पडला ना टमाटा, तो आजच खाऊन टाका. फुटलेला ठेवू नका."

"जी," आवाज म्हणाला. आणि मग, बहुतेक बोलायला काहीतरी हवं म्हणून, "और?"

मोतीबाईनं बाजारात टमाट्याचा भाव काय होता ते सांगितलं. वांगी किडकी आहेत, दोन दिवस आणणार नाही, तेही सांगितलं. बादलचं नाव तिनं त्या दिवशी काढलं नाही. आवाज अजून फार कच्चा होता.